घंटेचा दोर

मोह पडायला लागला की मला राग येतो. इतरांना या फुलांच्या वासानं काय काय होतं. कुणाला माहेर आठवतं, कुणाला नुसती झोप येते. मी पहाटे दार उघडते, नाल्याकडून तो गोड, थोडा आंबूस वास येतो, आणि चुलीवरचा चहा उतू जाईपर्यंत मी मनातल्या मनात दोन-तीन माणसांशी भांडून घेते. नवरा म्हणतो, "झालं का वो सुरू?" मी म्हणते, "झालं."

यंदा जरा जास्तच भांडले, कारण रिबेकाची दहावी संपली. शेवटचा पेपर देऊन पोरगी एसटीतून उतरली, उन्हानं तोंड लाल, दारात चप्पल काढता काढताच म्हणाली, "आई, झाली दहावी. आता?" त्या "आता"चा अर्थ मला विचारावा लागला नाही. आमच्या चर्चच्या अख्ख्या मंडळीला तो माहीत आहे. दहावी झाल्याशिवाय हातात फोन नाही, असा शब्द आम्ही दिला होता. आम्ही म्हणजे सगळ्यांनी. पाळला एका घरानं.

आमचं गाव अहेरीच्या रस्त्याला. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण आजोबांच्या काळापासूनची. कवेलूच्या छपराचं चर्च, समोर सागाचे दोन खांब, त्यांच्यामध्ये टांगलेली घंटा. आमच्याकडे तीन हंगाम एकदम येतात. रानात मोह पडतो, शाळेत परीक्षा येते आणि चर्चमध्ये उपवासकाळ चालू असतो. लेकरांनी पहाटे मोह वेचायचा, दुपारी पेपर लिहायचा आणि संध्याकाळी प्रार्थनेत जांभया द्यायच्या. आमचे पाळकसाहेब दरवर्षी उपदेशात मोह या शब्दावर तीच एक कोटी करतात आणि स्वतःच हसतात. मी ती इथे करणार नाही. मोहाचं झाड बिचारं कुणाला काही सांगायला जात नाही, रात्रभर फुलं टाकतं आणि उभं राहतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रिबेका तेव्हा आठवीत होती. त्या नाताळात लेकरांनी नाटक बसवलं होतं, दरवर्षीचंच, गोठा, मेंढपाळ, देवदूत. एकाही पोराला संवाद पाठ नव्हते. मेंढपाळ डोक्याला घोंगडी गुंडाळून स्टेजवर आले आणि फोनमध्ये बघून वाक्यं वाचू लागले. त्यात एका मेंढपाळाच्या मामाचा फोन आला. गोठ्यात, पाळण्यापुढे, लग्नात वाजवतात तसलं गाणं मोठ्यानं वाजलं. मागचे लोक हसून लोळले. मी पण हसले. पण घरी येताना सगळ्या आया गप्प होत्या. कारण नाटक संपल्यावर लेकरं पायरीवर ओळीनं बसली होती, खांद्याला खांदा लावून, आणि एकही जण दुसऱ्याशी बोलत नव्हतं.

मी अंगणवाडीत काम करते. सरकारी कामाचा फोन माझ्याकडे आहे. लेकरांचं वजन करायचं आणि त्यात भरायचं, रेंज नसली की शाळेमागच्या टेकाडावर चढून हात वर करून उभं राहायचं. तेव्हा फोन काय असतो ते मला कुणी शिकवू नये. माझ्याकडे आया येतात, मांडीवर लेकरू, लेकरापुढे फोन. घास तोंडात जातो, पण काय गिळलं ते लेकराला कळत नाही. फोन काढून घेतला की ते असं ओरडतं की जणू कुणी कापलं. हे मी रोज बघते. माझं मत मी कुणा पाळकाच्या उपदेशातून उसनं आणलेलं नाही.

तर उपवासकाळाचा पहिला दिवस, राखेचा बुधवार आला. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक घरानं उभं राहून काहीतरी सोडायचं असतं. कुणी चहा सोडतं, कुणी मटण. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी सॅमसनभाऊ दरवर्षी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडतात आणि ईस्टरची उपासना संपते न संपते तोच त्यांचा गाल फुगलेला असतो. त्या वर्षी तेच आधी उठले. म्हणाले, "या खेपेले आपन आपल्या लेकराइसाठी सोडू. पोट्ट्याइची दहावी होईपर्यंत घरात कोन्या लेकराच्या हाती मोबाईल द्याचा नाई. मंजूर असन तं हात वर करा." आणि हात वर झाले. सगळे. मी आजूबाजूला बघून घेतलं होतं, आणि माझे डोळे भरून आले होते, हे आठवलं की आता माझाच मला संताप येतो. आपण एकटे नाही, असं वाटलं होतं त्या दिवशी. साहेबांनी वेदीपुढे प्रार्थना केली. लेकरं आमच्या शेजारी उभी होती. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

पंधरवडाही नीट गेला नसेल. आधी सॅमसनभाऊंच्याच पोराकडे फोन परत दिसला. "अभ्यासापुरता हाय वो." दुसऱ्या घरी, "मामानं पाठवला, परत कसा कराचा?" तिसऱ्या घरी तर कमालच. "तो पोराचा नाई, घरचा हाय." घरचा फोन पोराच्या खिशात बसून शाळेत जात होता. शब्द मोडला याचा मला राग आला, पण मोडताना कुणाची मान खाली गेली नाही याचा जास्त आला. खर्रा सोडणारा खर्रा खाताना निदान भिंतीकडे तोंड करतो. इथे तर उलट मलाच समजावणं सुरू झालं. "रिबेकाची आई, एवढं कडक नसावं. लेकरू मांगं पडन."

शाळेनं त्यात तेल ओतलं. गृहपाठ फोनवरच्या ग्रुपवर, सुट्टीची सूचना ग्रुपवर. मी बाईंना भेटायला गेले, म्हटलं, फळ्यावर लिहून द्या. त्या म्हणाल्या, "बाई, बाकी साऱ्याइचं बरोबर चालते. एका तुमच्याच पोरीसाठी मी फळा लिहू का?" हो, लिहा. फळा त्यासाठीच असतो. असं मी तिथे म्हणाले नाही. रस्ताभर म्हणत आले.

एक दिवस सकाळी शाळेला अचानक सुट्टी जाहीर झाली. ग्रुपवर. रिबेका एसटीनं गेली आणि फाटकाला कुलूप. परतीची गाडी दुपारची. भर उन्हात ती झाडाखाली बसून राहिली, आणि घरी आली तेव्हा तिनं दप्तर असं फेकलं की पाण्याची बाटली अंगणात गडगडत गेली. "साऱ्याइले माहीत होतं. साऱ्याइले. मीच येडी." मी म्हटलं, बेटा, आपण शब्द दिलाय. ती म्हणाली, "तूनं देल्ला. मी नाई देल्ला. हात तुहा वर होता." मी मोह वाळत घातला होता तो उगाच हातानं परत पसरत बसले.

आणि तरीही ती पहाटे मोह वेचायला जायची. शेजारच्या सोमीबाईंबरोबर. सोमीबाई माडिया म्हातारी, त्यांचं आयुष्य या नाल्याकाठच्या झाडांखाली गेलं. मोहाच्या दिवसांत अस्वलही त्याच फुलांसाठी येतं, हे इथे लेकरालाही माहीत असतं. पालापाचोळा जाळून झाडाखालची जागा साफ केलेली, अजून धूर निघतोय, धड उजेड नाही, आणि खाली वाकलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. म्हणून बोलत राहायचं. मोठ्यानं. "तोंड चालू ठेव पोरी," सोमीबाई सांगायच्या. "आवाज आला का ते आपली वाट सोडते. गुपचूप गेली तं अंगावर येते." बाकीची पोरं खिशात फोनवर गाणी लावून जायची. रिबेकाकडे फोन नव्हता. गप्पा किती मारणार? मग ती बायबलमधली वचनं म्हणायला लागली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडे लेकरांची पाठांतराची स्पर्धा असते, त्यासाठीचा येशूच्या दुःखसहनाचा अख्खा अध्याय ती त्या झाडांखाली ओरडून ओरडून म्हणायची. मी अंगणात उभी राहिले की नाल्याच्या वरून तिचा आवाज यायचा, मध्येच सोमीबाईंचा खोकला, परत तिचा आवाज. ख्रिस्ती नसलेल्या सोमीबाईंना ऐकून ऐकून निम्मं पाठ झालं होतं. ती कुठे चुकली की त्या म्हणायच्या, "काल असं नोहोतं."

त्या स्पर्धेचं बक्षीस आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच. जो पहिला येईल, त्यानं ईस्टरच्या पहाटे घंटा वाजवायची. मी एकदा वाजवली आहे. दोर काथ्याचा, दवानं ओला, तळहात सोलून निघाले होते. मी ओढत होते आणि पहिल्यांदा काहीच झालं नाही, मग वर कुठेतरी ते धूड हललं आणि आवाज माझ्या दातांत शिरला. रानात मोह वेचणारे लोक कंबर सरळ करायचे. कुणाचा धर्म कोणता का असेना, आज त्यांचा सण, हे सगळ्यांना कळायचं. आठवडाभर मी तळहात कुणी विचारो न विचारो दाखवत फिरत होते.

त्या वर्षी पाळकसाहेबांनी उपासना संपताना जाहीर केलं की या खेपेला पहिलं बक्षीस स्मार्टफोन. सॅमसनभाऊंचे साळे चंद्रपूरला मोठ्या नोकरीत आहेत, त्यांनी प्रेमानं दिलाय. टाळ्या. ज्या वेदीपुढे आम्ही हात वर केले, तिथेच फोनची पेटी ठेवली, फुलदाणीच्या बाजूला. उपवासकाळ अजून चालू. मी इकडेतिकडे बघितलं, कुणाला तरी लाज वाटेल, कुणीतरी खोकेल. काही नाही.

दारात मी साहेबांना गाठलं. माणूस वाईट नाही, नगरकडचा, मऊ बोलतो. "साहेब, हे काय?" ते म्हणाले, "ताई, प्रोत्साहन हवं लेकरांना. आणि आता वचनही फोनवर वाचता येतं." मी म्हटलं, "मंग पाठ कायले करून घेता?" ते हसले. उत्तर नसलं की मऊ माणसं हसतात. "आणि घंटा?" तर म्हणे दोर कुजलाय, नवा कुणी आणला नाही, आणि आता सॅमसनभाऊ फोनवरून घंटेचा आवाज भोंग्यावर लावतात, छान स्पष्ट येतो. माझ्या आजोबांनी बैलगाडीत घालून आणलेली घंटा बाहेर टांगलेली, आणि आत भोंग्यावर कुठल्या परदेशातल्या चर्चची घंटा!

मी ठरवलं होतं, रिबेकाला बसवायचंच नाही. नवरा म्हणाला, "जाऊ दे तिले. पोरगी महिनाभर रानात ओरडून राह्यली. तुह्या भांडनात तिचा घसा कायले वाया घालवतं?" खरं होतं. ती गेली.

पोरं एकेक उठली. कुणी दोन ओळींत अडकलं, कुणी आईकडे बघितलं. सॅमसनभाऊंचा पोरगा बराच पुढे गेला आणि मग नुसता छत बघत उभा राहिला. मग रिबेका. ती चर्चमध्ये म्हणतात तसं म्हणतच नव्हती. अस्वलाला ऐकू जाईल असं म्हणत होती. वळचणीतले पारवे उडाले. अडखळणं नाही, थांबणं नाही, आणि शेवटाकडे, जिथे येशूला सगळे सोडून जातात तिथे, तिनं आवाज आणखी वर नेला आणि मी मांडीवरचा पदर मुठीत धरला. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "एवढं कसं पाठ केलंस गं?" ती म्हणाली, "अस्वलाच्या भेवानं." सगळे हसले. खरं तेच होतं. खिशात गाणी नव्हती म्हणून तोंडात वचन आलं, आणि त्याचं बक्षीस म्हणून तिला फोन दिला. टाळ्या वाजवताना लोक तिच्याकडे नव्हते बघत, माझ्याकडे बघत होते. आता ही बाई काय करते?

घरी आल्यावर मी म्हटलं, "परत करून येऊ." ती म्हणाली, "तू काऊन परत करशील? बक्षीस माहं हाय." हेही खरंच. त्या आठवड्यात ती पेटी तिच्या उशाशी होती. उघडली नव्हती, पण उशाशी होती. मी स्वयंपाक करताना तिकडे बघायची, लेकरांची वजनं भरताना ती पेटी डोळ्यांपुढे यायची. हिसकावून घेतली तर पोरगी जाते, ठेवू दिली तर शब्द जातो, आणि हा पेच आणून ठेवणारे सगळे सुखानं झोपले होते. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांची उपासना झाली. मागच्या बाकांवर खाली घातलेल्या माना प्रार्थनेत नव्हत्या, ते तोंडांवरच्या उजेडावरून दिसत होतं. रिबेका माझ्या बाजूला, हात मांडीवर. ती काय विचार करून राहिली होती, मला शपथेवर माहीत नव्हतं.

ईस्टरच्या पहाटे आम्ही मेणबत्त्या घेऊन चर्चपाशी जमलो. भोंगा झाडाला बांधलेला. सॅमसनभाऊ एका फोनवर सगळं लाइव्ह दाखवत होते, दुसऱ्यात घंटा तयार. रिबेका पेटी घेऊन सरळ साहेबांपुढे गेली.

"साहेब, हे घ्या. मले घंटा द्या."

साहेब गोंधळले. "अगं, दोर नाही ना तिला."

सॅमसनभाऊ पुढे झाले. मायेनं बोलले, ते मी नाकारत नाही. "असं कर बेटा, बटन तू दाब. मान तुहाच." आणि फोन तिच्यापुढे धरला. तिनं बोट पुढे केलं नाही. पायरीजवळचा एक दगड उचलला, खांबाच्या चौथऱ्यावर चढली आणि दगड घंटेवर हाणला.

आवाज काही गोड नव्हता. फाटका, खणखणीत, हाडात जाणारा. परत हाणला. कुत्री भुंकायला लागली. "अवो, लाइव्ह चालू हाय!" सॅमसनभाऊ ओरडले, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही. ती हाणत राहिली, ओठ दाबून, आणि तिच्या तोंडावर जे होतं त्याला भक्ती म्हणणारे म्हणोत. मी तिची आई आहे. तो राग होता. माझ्याहून चांगल्या जातीचा. नंतर सोमीबाई टोपली घेऊन आल्या, म्हणाल्या, "किती दिसानं वाजली वो. मी म्हनलं, झाला यांचा सन."

आणि मग काय झालं? पेटी दुसऱ्या नंबरला दिली, म्हणजे सॅमसनभाऊंच्या पोराला, ज्याच्याकडे आधीच एक होता. घंटेवर कुणी दगड मारू नये, असं समितीनं ठरवलं. गेल्या वर्षी परत भोंगा वाजला. यंदाचं पहिलं बक्षीस टॅब आहे. आणि त्या आया, ज्या मला कडक म्हणत होत्या, आता अंगणवाडीच्या दारात पोरांच्या तक्रारी घेऊन बसतात आणि वर मला म्हणतात, "तुमचं नशीब वो. तुमची पोरगी मुळातच गुनाची." नशीब! फाटकाला कुलूप होतं तेव्हा उन्हात बसलेली पोरगी कुणी बघितली नाही. नशीब म्हटलं की आपण वर केलेला हात विसरता येतो.

तर परवा आम्ही अहेरीच्या बाजारात गेलो. शब्द पुरा झाला होता आणि मला तो नीट पुरा करायचा होता, रडत-कुढत नाही. मोबाईलच्या दुकानाआधी दोरखंडांचं दुकान लागतं. कासरे, दावी, बाहेर टांगलेली. रिबेका तिथे थांबली. "हा जाडा दाखवा."

दुकानदार म्हणाला, "बैलाले का गाडीले?"

"घंटेले."

मी म्हटलं, "अवो, तू कुठी बसून राह्यली यंदा स्पर्धेले? दहावीत वेळ होता का?"

"मी नाई. जो पहिला येईन तो वाजवन. दोर तं पाहिजे ना त्याले."

दोर घेतला. मग फोनही घेतला, तिनं हसत हसत, दहा प्रश्न विचारून निवडला, आणि मला खरंच बरं वाटलं. परतीच्या एसटीत सॅमसनभाऊ भेटले, पुढच्या सीटवर. माझ्या पिशवीतली पेटी बघून डोळे मिचकावले. रिबेकाच्या मांडीवरच्या वेटोळ्याकडे बोट करून भुवया उडवल्या, म्हणजे हे कायले?

"काका," ती म्हणाली, गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, रानातल्या आवाजात, "तवा तुम्हीनं हात वर केला होता. आता अजून एकडाव करा. दोर वर बांधाचा हाय, माहा हात पुरत नाई."

गाडीतले लोक वळून बघू लागले. भाऊंनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडलं आणि लगेच मिटून खिडकीकडे वळवलं. ईस्टरला अजून अवकाश होता, आणि त्यांच्या गालात खर्रा होता.